बिलॉक्सीच्या वेड्या कुंभाराच्या गावात

न्यू ऑर्लिन्सहून निघाले ती जॉर्ज ओरची मडकी पाहायचीच, असं ठरवून. दीड तासात मिसिसिपीतलं बिलॉक्सी आलं. उजव्या हाताला आखाताचं पाणी, डावीकडे जुनी ओकची झाडं, आणि त्या झाडांना धक्का न लावता फ्रँक गेरीने बसवलेलं ओर-ओकीफ संग्रहालय. 2005 च्या कतरिना वादळात किनाऱ्यावरचा तरंगता कसिनो याच्या अर्धवट बांधकामावर येऊन आदळला होता. ते उघडायला 2010 उजाडलं.

आत गेले आणि पहिल्याच कपाटापाशी थांबले. पिळलेली, चुरगळलेली, काठ दुमडलेली भांडी! आपल्याकडचा कुंभार असं वाकडं झालेलं मडकं पुन्हा चिखलात टाकेल. पण वाकून नीट बघा. दुमडीपर्यंत भिंत कागदासारखी पातळ आहे आणि बोटांच्या रेषा एकसारख्या फिरत गेल्यात. म्हणजे आधी चाकावर निर्दोष भांडं उभं राहिलं, मग ओलं असतानाच ओरने ते मुडपलं. हात इतका बसलेला नसता, तर सगळं खाली बसलं असतं.

ओर लोहाराचा मुलगा, जन्म 1857 चा. चाक शिकला न्यू ऑर्लिन्सच्या जोसेफ मेयरकडे. लाल माती गावाजवळच्या नदीकाठची, स्वतः खणून आणलेली. त्याच काळात सिनसिनाटीच्या रुकवुड या नावाजलेल्या भांड्यांच्या कारखान्यात भांडं एकाने घडवायचं आणि दुसऱ्याने रंगवायचं, अशी वाटणी होती. ओरचं मात्र चाकापासून भट्टीपर्यंत सगळं स्वतःचं. भांड्यांना तो ‘मातीची बाळं’ म्हणे. 1894 च्या आगीत त्याची कार्यशाळा जळाली. होरपळलेली भांडीसुद्धा त्याने टाकली नाहीत. त्याचं सगळ्यात धाडसी काम या आगीनंतरचं.

लोक त्याला वेडा म्हणत. 1918 मध्ये तो गेला आणि हजारो भांडी घरच्यांकडे खोक्यांत पडून राहिली. 1970 च्या सुमारास न्यू जर्सीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती विकत घेतली, तेव्हा कुठे जगाने पाहिली. पुढे जॅस्पर जॉन्ससारख्या चित्रकाराने ती आपल्या चित्रांत रंगवली.

गुलाबी-हिरव्या झिलईची भांडी सुरेखच आहेत. माझा जीव मात्र शेवटच्या काळातल्या, झिलईच न दिलेल्या भांड्यांवर जडला. तिथे रंग नाही, चकाकी नाही. भाजलेली माती आणि तिच्यावरची त्याची बोटं. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली, तरी मी तिथेच उभी होते.