साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल का?

मी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवते. हे कळलं, की घरात कुणी आजारी असलेली माणसं आवाज खाली आणून एकच विचारतात : साखर पूर्ण सोडली तर गाठ उपाशी मरेल ना? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

शंका अगदी रास्त आहे. पेशी ज्या लालसर द्रवात वाढतात, ते शुक्रवारी बदललं तर सोमवारी पिवळं दिसतं. पेशींनी ग्लुकोज ओढून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकलेलं असतं, तेही ऑक्सिजन भरपूर असताना. ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात हेच टिपलं होतं. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या चित्रात, बऱ्याच गाठी उजळतात त्या याच हावरेपणामुळे.

वरवर हा व्यवहार तोट्याचा. ग्लुकोजचा एक रेणू मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, मदतीने पूर्ण जाळला, तर एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, तीसेक रेणू मिळतात. असा अर्धवट वापरला तर निव्वळ २. वॉरबर्ग यांना वाटलं, मायटोकॉन्ड्रियाच बिघडले असणार. पण बहुतेक कॅन्सरमध्ये ते चालू असतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनए, आवरण, प्रथिनं, सगळंच दुप्पट लागतं. जळणासाठी आलेल्या लाकडातून, म्हणजे ग्लुकोजमधून, ही पेशी घराच्या तुळयाही करून घेते. हे पहिल्यांदा उमगलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण साखर खाल्ली नाही म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते बनवत राहतं, वेळ पडली तर स्नायूंची प्रथिनं मोडून. कॅन्सरची पेशीही अडून बसत नाही. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) घेते, चरबीतली मेदाम्लं घेते. अंडाशयाचा कॅन्सर पोटातल्या चरबीच्या पदरावर पसरतो आणि तिथल्याच चरबीवर पोसतो.

उपाशी राहतं ते माणूस. माझ्या मावशीने फळंसुद्धा सोडली होती. वजन इतकं उतरलं की केमोचा पुढचा डोस लांबवावा लागला. मधुमेहाचं पथ्य वेगळं, ते पाळायलाच हवं. पण भीतीपोटी ताट रिकामं करू नका. काय खायचं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

पेशीला खरोखर उपाशी मारणारं एक औषध आहे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींना ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल पुरेसं बनवता येत नाही. ॲस्परॅजिनेज हे ते औषध रक्तातलं ॲस्परॅजिन संपवतं. निरोगी पेशी आपलं आपण बनवून तगतात. पण ते पथ्याने साधत नाही, टोचावं लागतं, तेही इतर औषधांच्या जोडीने.