आपले सर आणि स्टीव्ह क्लॅरिज

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा कुणावर लिहायचं हे माझं आधीच ठरलेलं होतं. शाळेवर, वर्गांवर, स्नेहसंमेलनांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे मित्र आहेत. मी शाळेत फुटबॉल खेळलो आणि पुढे नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडला स्थायिक झालो. तिथे एका खेळाडूची बरीचशी कारकीर्द जवळून बघायला मिळाली. त्याचं नाव स्टीव्ह क्लॅरिज. मी १९८८ च्या दहावीच्या तुकडीचा. आपल्या फुटबॉलच्या सरांनी त्या काळी काय केलं होतं, हे मला या माणसाकडे बघता बघता नीट समजलं. म्हणून दोघांवर एकत्रच लिहितो.

आजच्या मुलांसाठी थोडं सांगायला हवं. सर सकाळी कोल्हापूरच्या गांधी मैदानावर आमचा सराव घ्यायचे आणि मोसम सुरू झाला की स्वतः पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून शाहू स्टेडियमवर उतरायचे. आम्ही पोरं त्यांचा सामना बघायला गॅलरीत बसायचो. सरावात दोन संघ पाडले की एका संघात सर स्वतः हाफला खेळायचे आणि खेळता खेळताच आमची जागा चुकली की ओरडायचे. आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला सायकल स्टँडजवळ थांबवलं आणि सांगितलं, "उद्या तू बाहेर बसणार आहेस. संघ वाचून दाखवताना तुला कळावं असं मला नको होतं, म्हणून आत्ता सांगतोय." मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्या दोन वाक्यांसाठी सरांनी स्वतःला किती तयार केलं असेल, याचा विचार करायचं माझं ते वय नव्हतं.

१९९५ च्या शरद ऋतूत मी पुढच्या शिक्षणासाठी लेस्टरला गेलो. गावात बोलण्याचा विषय एकच, लेस्टर सिटी. संघ त्या वेळी पहिल्या दर्जाच्या प्रीमियर लीगमधून खाली आलेला होता. डिसेंबरमध्ये मार्टिन ओ'नील नावाचा नवा मॅनेजर आला आणि मार्च १९९६ मध्ये त्यानं बर्मिंगहॅम सिटीकडून बारा लाख पौंडांना एक सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल करणारा खेळाडू, आणला. हाच क्लॅरिज. तीस वर्षांचा होत आलेला, शर्ट बाहेर, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले. फिल्बर्ट स्ट्रीट या लेस्टरच्या मैदानावर तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या शेजारचे लोक फारसे खूश नव्हते. मला मात्र तो लगेच आवडला, कारण तो कोल्हापुरी फॉरवर्डसारखा खेळायचा. चेंडू हरला की थांबायचं नाही, बचावपटूच्या मागे धावत राहायचं. गोलाकडे पाठ करून चेंडू पायाशी धरायचा, पाठीवर दोन धक्के खायचे आणि साथीदार येईपर्यंत तो सोडायचा नाही.

त्याची आधीची वाटचाल मी वर्तमानपत्रांतून आणि ग्रंथालयातल्या जुन्या अंकांतून जमवली. जन्म १९६६ चा, पोर्ट्समथचा. सुरुवात जवळच्याच फेअरहॅम टाउन या छोट्या क्लबकडून. मग बोर्नमथ, तिथून वेमथ. क्रिस्टल पॅलेसनं घेतलं, पण एकही सामना दिला नाही. पुढे ऑल्डरशॉट. हा क्लब इतका कर्जात होता की क्लॅरिज गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, मोसमाच्या मध्यावरच तो बंद पडला. लहानपणापासून त्याला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आणि त्यावर औषधं चालू. जुगाराच्या सवयीत आपण खूप पैसा गमावला, हे त्यानं स्वतःच जाहीरपणे सांगितलेलं आहे. हे मी लपवत नाही, कारण या माणसाचा मोठेपणा सांगायला त्याचं चित्र स्वच्छ करून मांडायची गरज नाही.

१९९० मध्ये तो केंब्रिज युनायटेडला गेला. तिथला मॅनेजर जॉन बेक आपल्या कडक पद्धतींसाठी इंग्लंडभर प्रसिद्ध होता. सामन्याआधी खेळाडूंच्या अंगावर गार पाणी, चेंडू मिळाला की लांब मारायचा, कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढवलेलं म्हणजे चेंडू तिथे अडकून राहतो. या पद्धतीनं केंब्रिजनं लागोपाठ दोन वर्षं वरचा दर्जा मिळवला आणि दोन्ही वर्षी एफए कप या देशभरातल्या क्लबांच्या चषक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. क्लॅरिजचं बेकशी पटलं नाही. १९९२ मध्ये तो ल्युटनला गेला, त्याच वर्षी परत केंब्रिजला आला, आणि १९९४ च्या सुरुवातीला बर्मिंगहॅमला. १९९४-९५ मध्ये बर्मिंगहॅमनं आपल्या दर्जाचं विजेतेपद आणि लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा एक चषक असं दुहेरी यश मिळवलं, त्यात संघाचे सर्वांत जास्त गोल याचे.

आपल्याकडे पेठ बदलून दुसऱ्या तालमीकडून खेळणाऱ्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेनं बघतात. मीही तसाच वाढलो होतो. इंग्लंडच्या खालच्या दर्जांत मात्र क्लब बदलणं हेच पोट भरण्याचं साधन असतं. करार एक-दोन वर्षांचा, मॅनेजर बदलला की नव्याला आपली माणसं हवी, क्लब पैशात आला की तुम्हाला विकतो आणि कर्जात गेला तरी तुम्हालाच विकतो. घर भाड्यानं, मुलांच्या शाळा अर्धवट, आणि गुरुवारी नव्या गावात पोचून शनिवारी तीन वाजता अनोळखी माणसांबरोबर असं खेळायचं की जणू वर्षानुवर्षं एकत्र आहात. हे वीस-बावीस वर्षं करणाऱ्या खेळाडूला मी निष्ठा नसलेला म्हणणार नाही.

२७ मे १९९६. प्रीमियर लीगमध्ये वर जाण्यासाठीचा शेवटचा सामना, वेम्बलीवर, लेस्टरविरुद्ध क्रिस्टल पॅलेस. तिकीट परवडणारं नव्हतं. मी भाड्याच्या खोलीत रेडिओला कान लावून बसलो. पॅलेसनं लवकर गोल केला, उत्तरार्धात गॅरी पार्करनं पेनल्टीवर बरोबरी साधली. जादा वेळही संपत आला. पेनल्टी शूटआउट होणार हे धरून ओ'नीलनं अगदी शेवटच्या क्षणी गोलरक्षक बदलला आणि साडेसहा फुटांहून उंच असा झेल्को कलाच उतरवला. त्यानंतर पार्करची एक फ्री किक झाली, चेंडू बॉक्सच्या बाहेर क्लॅरिजसमोर आला आणि त्यानं तो मारला. लागला नडगीला. तरी चेंडू गेला थेट वरच्या कोपऱ्यात, पॅलेसचा गोलरक्षक नायजेल मार्टिन जागचा हललाही नाही. दोन-एक. ज्या क्रिस्टल पॅलेसनं त्याला एकही सामना दिला नव्हता, त्यांच्याविरुद्ध, एकशे विसाव्या मिनिटाला. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले ते रात्रीपर्यंत.

पुढच्या वर्षी लेस्टर प्रीमियर लीगमध्ये नवव्या स्थानी राहिलं आणि लीग कपच्या अंतिम फेरीत पोचलं. समोर मिडल्सब्रो, त्यांच्याकडे ब्राझीलचा जुनिन्हो आणि इटलीचा रावानेल्ली. वेम्बलीवर एक-एक अशी बरोबरी झाली. १६ एप्रिल १९९७ ला शेफिल्डच्या हिल्सबरोवर सामना पुन्हा खेळला गेला. जादा वेळेत क्लॅरिजनं गोल केला आणि १९६४ नंतर पहिल्यांदा लेस्टरकडे तो कप आला. त्यामुळे लेस्टर युरोपात ॲटलेटिको माद्रिदशी खेळायला गेलं. १९९८ मध्ये मात्र ओ'नीलनं त्याला जाऊ दिलं. वुल्व्ह्जमध्ये काही महिने, मग जन्मगावी पोर्ट्समथला.

त्याच सुमारास मला पोर्ट्समथजवळ नोकरी मिळाली. तो तिथे आहे याचा मला मनापासून आनंद झाला. फ्रॅटन पार्क हे घरांच्या रांगांमध्ये दडलेलं जुनं मैदान. एका बाजूच्या प्रेक्षकांच्या डोक्यावर तेव्हा छप्परही नव्हतं. ऑक्टोबर २००० मध्ये मॅनेजर टोनी पुलिस गेले आणि चौतीस वर्षांच्या क्लॅरिजला प्लेयर-मॅनेजर करण्यात आलं. मॅनेजरही तोच आणि सेंटर फॉरवर्डही तोच.

इंग्लंडमध्ये ही रीत जुनी. केनी डॅल्ग्लिश १९८६ मध्ये लिव्हरपूलचा प्लेयर-मॅनेजर असताना लीग आणि एफए कप दोन्ही जिंकला, आणि लीग ज्या सामन्यात पक्की झाली त्यात चेल्सीविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच. छोट्या क्लबांना त्यात एक पगार वाचतो, हेही खरं कारण. पण त्या जागेवरच्या माणसाचं काय होतं, ते फ्रॅटन पार्कवर दिसलं. सोमवारपर्यंत तुम्ही ज्यांच्याबरोबर चेष्टामस्करी करत होता, त्यांतल्या कुणाला शुक्रवारी सांगायचं की तू उद्या खेळणार नाहीस. कुणाचा करार वाढवायचा नाही, हे तुम्हीच ठरवायचं. शनिवारी अंगावर दोन बचावपटू घेऊन धावायचं, आणि पलीकडच्या बाजूला आपला लेफ्ट बॅक दमलाय का तेही बघायचं. मैदानाच्या कडेला सहायक असतो, पण निर्णय तुमचा. आणि स्वतःचाच खेळ पडला तर तुम्हाला बाहेर कोण बोलावणार? मी त्या हिवाळ्यात त्याच्याकडे बघत होतो, तर तो धावता धावता सतत मागे वळून हातानं जागा दाखवायचा. गांधी मैदानावर सर अगदी असंच करायचे. सायकल स्टँडजवळची ती संध्याकाळ मला फ्रॅटन पार्कच्या पायऱ्यांवर कळली. पेठेच्या संघात सर स्वतः कधी आत, कधी बाहेर असायचे. बाहेर बसणं म्हणजे काय हे त्यांना अंगावर माहीत होतं, म्हणून ते मला आधी सांगायला आले.

निकाल मनासारखे लागले नाहीत. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याला मॅनेजरपदावरून काढलं आणि ग्रॅहम रिक्सना आणलं. ज्या ड्रेसिंग रूममध्ये काल तो साहेब होता, तिथे आज पुन्हा साधा खेळाडू. पुष्कळांनी तिथेच बूट काढून ठेवले असते. हा मिलवॉलला गेला, त्या मोसमात मिलवॉल आपल्या दर्जात अव्वल आलं आणि पुढच्या वर्षी प्रीमियर लीगच्या उंबरठ्यापर्यंत पोचलं. २००३ मध्ये वेमथनं त्याला पुन्हा प्लेयर-मॅनेजर केलं. वेमथ हे समुद्रकाठचं गाव, क्लब व्यावसायिक लीगच्याही खालचा. पहिल्याच मोसमात संघ सदर्न लीगमध्ये दुसरा आला. २००५ मध्ये मिलवॉलनं मॅनेजर म्हणून बोलावलं आणि वरची मंडळी बदलताच, एकही अधिकृत सामना व्हायच्या आत, ३६ दिवसांत घरी पाठवलं. त्यावर त्याचं उत्तर काय, तर जिलिंगहॅम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल अशा मिळेल त्या क्लबकडून खेळत राहायचं. नऊशे नव्व्याण्णव सामन्यांवर तो अडला होता. तेव्हा जिथून व्यावसायिक कारकीर्द सुरू केली त्या बोर्नमथनं त्याला घेतलं, आणि ९ डिसेंबर २००६ ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पोर्ट व्हेलविरुद्ध तो हजारावा सामना खेळला. संघ चार-शून्य असा हरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून तो एकदाही खेळला नाही.

प्लेयर-मॅनेजर आता वरच्या दर्जात जवळपास दिसतच नाहीत. प्रशिक्षकांसाठी युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेचे परवाने आले, एकेका संघामागे विश्लेषक, फिटनेसवाले असा मोठा ताफा आला. एका माणसानं दोन्ही करणं आता शक्य नाही, हे मला पटतं. तरी त्यात एक नुकसान आहे असं माझं मत आहे. संघ निवडणारा माणूस त्याच चिखलात उभा असला की खेळाडूला त्याचा निर्णय सोसणं थोडं सोपं जातं.

क्लॅरिज पुढे सॉल्झबरीला गेला. तिथला जुना क्लब २०१४ मध्ये कर्जानं बुडाला होता. त्याच्या जागी नवा क्लब उभा राहिला आणि मॅनेजर म्हणून हा आला. २०१५-१६ मध्ये पार खालच्या वेसेक्स लीगमधून सुरुवात करून पहिल्याच वर्षी ते विजेते झाले, २०१८ मध्ये आणखी एक पायरी चढले, आणि २०२२ पर्यंत तो तिथे टिकला. इतकी वर्षं सलग तो कुठल्याच क्लबात नव्हता. माझ्या घरापासून सॉल्झबरी गाडीनं तासाभरावर. शनिवारी मी जायचो. काही शेकडा प्रेक्षक, कठड्याला टेकून उभं राहायचं, मॅनेजरचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा.

महोत्सवासाठी मी डिसेंबरात येतोय. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. एक संध्याकाळ शाळेच्या फुटबॉल संघाबरोबर बसून १९९७ च्या हिल्सबरोच्या सामन्याचा जादा वेळ दाखवायचा आहे. गोलासाठी नव्हे. पाठीवर बचावपटू असताना सेंटर फॉरवर्ड चेंडू कसा धरतो, हे मुलांना थांबवून थांबवून दाखवायचं आहे. सर येतो म्हणालेत. समजावून तेच सांगतील.