तीन वेळा मरणारा माणूस

परवा दुपारी जेवण झाल्यावर वामकुक्षीचा बेत रद्द करून दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा ‘टेल्स ऑफ टेरर’ पुन्हा एकदा पाहत बसलो. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या कथांवरचा हा १९६२ सालचा भयपट दीड तासात तीन गोष्टी सांगून मोकळा होतो, आणि या तिन्ही गोष्टींत व्हिन्सेंट प्राइस हा नट मरतो. पहिल्या गोष्टीत तो जळत्या घरात, मेलेल्या बायकोच्या हातून मरतो. दुसरीत त्याला जिवंतपणी भिंतीत चिणतात. तिसरीत तो मेल्यानंतरही महिनोन्‌महिने अंथरुणावर बोलत राहतो. दर वेळी पडदा काळा होतो आणि हा गृहस्थ नवे केस, नवे कपडे लेवून, काही झालेच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा हजर होतो.

माझ्या आजीला हे मुळीच खपले नसते. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी चित्रपट लागला की ती मांडीवर सूप घेऊन लसूण सोलायला बसत असे, आणि मागच्या रविवारी मेलेला नट या रविवारी ताजातवाना होऊन आला की तिचा हात थांबत असे. “अरे, ह्याचं झालं होतं ना सगळं?” असे ती विचारी. ती भोळी होती असे कोणी समजू नये. तरुणपणी तिने संगीत नाटके रात्र रात्र जागून पाहिली होती आणि रंग लावलेला माणूस रंग पुसून घरी जातो हे तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तिची तक्रार निराळीच होती. “एकदा हळहळून झालं की झालं,” ती म्हणे, “तीच हळहळ परत परत कुठून आणायची?” यावर आम्हा नातवंडांपाशी उत्तर नसे. लसणाची सालपटे पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर उडत आणि ती गोळा करण्याचे काम मात्र आमच्याकडे येई.

प्राइसच्या दुसऱ्या मरणावर तीही हळहळली नसती, कारण तिथे हसूच जास्त येते. पटकथाकार रिचर्ड मॅथिसनने येथे पोच्या दोन कथा एकात मिसळल्या आहेत, काळ्या मांजराची आणि ‘अमाँटिलाडो’ नावाच्या मद्याची. पोच्या मद्यकथेत माँट्रेसर हा खुनी, फॉर्च्युनाटो हा बळी, आणि लुकेसी हा मद्याचा जाणकार, जो कथेत कधी येतच नाही. बळीच्या अहंकाराला डिवचण्यापुरते त्याचे नाव घेतले जाते. चित्रपटात खुन्याचे नाव तेच राहिले, आणि बळी व जाणकार यांना एकत्र करून प्राइसला फॉर्च्युनाटो लुक्रेसी केले. असल्या चोरट्या खोड्या सापडल्या की मला भुताखेतांपेक्षा अधिक आनंद होतो, हा माझा जुना दोष आहे. त्यातला मद्य चाखण्याच्या पैजेचा प्रसंग तर कितीही वेळा पाहावा. प्राइस पेला उजेडाकडे धरतो, हुंगतो, ओठांचा चंबू करून एकेक घोट तोंडात घोळवतो, आणि शेजारी खुन्याच्या भूमिकेतला पीटर लॉरे सबंध पेला घशाखाली ओतून, झोकांड्या खात, तितकेच अचूक उत्तर देतो. भयपटाच्या मधोमध एक हसरी गोष्ट हवीच, असे माझे ठाम मत आहे. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्याच्या शेवटी जो थरकाप उडवणारा माणूस हसतो तो हाच प्राइस, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी त्याचा हा नटवेपणाही पाहायला हवा.

तिसऱ्या गोष्टीशी मात्र माझे भांडण आहे. मरणाच्या दारातल्या वाल्डेमारला एक संमोहनविद्या जाणणारा माणूस गुंगीत नेतो. शरीर मरते, पण जीभ बोलतच राहते. चित्रपटात बॅसिल रॅथबोनचा हा संमोहक सरळसरळ खलनायक आहे, त्याचा डोळा वाल्डेमारच्या बायकोवर आहे, म्हणून तो त्याला सोडत नाही. पोच्या मूळ कथेत असा कोणीच दुष्ट नाही. १८४५ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळ वाचकांना ती खरी हकिगत वाटली, इतक्या कोरड्या, डॉक्टरी थाटात ती लिहिलेली आहे. जवळजवळ सात महिने लोक रोज येतात, पाहतात, सारे जसेच्या तसे आहे अशी खात्री करून घेतात आणि घरी जातात. दोष द्यायला खलनायक मिळाला की प्रेक्षक सुटतो. पोने वाचकाला ती सोय ठेवलेली नाही.

ही कथा लिहिली त्या वर्षांत पोच्या घरात काय चालले होते, हे त्याच्याच पत्रामुळे कळते. १८४२ च्या जानेवारीत त्याच्या बायकोला, व्हर्जिनियाला, गाता गाता रक्ताची उलटी झाली. क्षय होता. ती आता जाणार म्हणून त्याने तिचा कायमचा निरोप घेतला, तिच्या मरणाच्या साऱ्या यातना भोगल्या, आणि ती थोडी सावरली. वर्षभराने पुन्हा तेच, मग पुन्हा, आणि पुन्हा. दर वेळी ती जगावी म्हणून आपण अधिकच हट्टाने तिला धरून राहिलो, असे त्याने नंतर लिहिले आहे. काळ्या मांजराची, मद्याची आणि वाल्डेमारची, या तिन्ही कथा त्याच पाच वर्षांतल्या आहेत. व्हर्जिनिया १८४७ च्या जानेवारीत गेली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.