नागपूरची संस्था आणि गावचा तराफा

नागरी संरक्षण म्हटलं की भोंगे आणि काळे कागद लावलेल्या खिडक्या आठवतात. पण नागपुरात १९५७ साली संस्था सुरू झाली, तिचं नाव होतं केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था. म्हणजे मूळ काम पूर, भूकंप अशा संकटांतल्या मदतीचं. पुढे १९६२ आणि १९६५ ची युद्धं झाली आणि हवाई हल्ल्यापासून बचाव हाच मुख्य विषय झाला. १९६८ ला नागरी संरक्षण कायदा आला, त्याच वर्षी संस्थेचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं.

यात खेडी मागं राहिली. नागरी संरक्षण दलाची उभारणी शत्रूच्या नजरेत येतील अशा शहरांत झाली. नदीकाठची गावं त्या यादीत बसेनात. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं. कायद्यात आपत्ती व्यवस्थापन आलं ते २००९ च्या दुरुस्तीनं. माझ्या मते हा उशीर फार महागात पडला.

बचावाच्या प्रशिक्षणातली गावाच्या सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हाताशी असलेल्या सामानाचा तराफा. २० लिटरचा रिकामा, बंद कॅन साधारण १९ किलो वजन पेलतो. चार माणसांचे २४० किलो, बांबू-दोराचे ४० धरा. हिशेबानं १५ कॅन पुरतात, पण तेवढ्यावर तराफा पाण्याच्या बरोबरीला येतो आणि एकजण कडेला सरकला की कलंडतो. म्हणून २० ते २४ कॅन घ्या. वाळलेल्या बांबूंची चौकट करा, कॅन खालून बांधा, प्रत्येकाला दोन आडवे वेढे द्या. नुसती कॅनची मूठ बांधली तर पहिल्या धक्क्यालाच कॅन निसटतो.

सगळ्यात जास्त दगा देतं ते झाकण. आतलं रबर कडक झालेलं असतं, पाणी हळूहळू शिरतं आणि तराफा एका बाजूनं बसतो. कॅन उलटा करून पाण्यात दाबून धरा. बुडबुडे आले तर तो बाजूला ठेवा. फवारणीच्या औषधाचा कॅन तर घेऊच नका.

तराफा थांबलेल्या पाण्यासाठी आहे, वैनगंगेच्या धारेसाठी नाही. आणि धारेत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा नाही. दोर ताणला की पाणी त्यालाच खाली दाबतं, आणि ती गाठ पाण्यात सुटत नाही. काठावरून दोराला बांधलेला १० लिटरचा बंद कॅन फेका. डोकं वर ठेवायला एका माणसाला तेवढा आधार पुरतो. ही सगळी तपासणी मृग लागायच्या आधी उरकायची.