भांडी पुसायचं फडकं आणि शरणपूर रोड

माझा भाचा गेल्या वर्षी शिकायला ग्लासगोला गेला. दिवाळीत आला तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही आणलं, चॉकलेटं, शॉर्टब्रेड नावाची ती खुसखुशीत बिस्किटं (आपली नानकटाई बरी, हे माझं मत) आणि माझ्यासाठी एक भांडी पुसायचं फडकं. हो, फडकंच. त्यावर स्कॉटलंडच्या लोकांनी जगाला काय काय दिलं त्याची यादी छापलेली. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसांच्या नावांनी ताटं पुसायची होय गं?" म्हणून ते फ्रीजशेजारी खिळ्याला लटकवलंय आणि चहा उकळेपर्यंत मी रोज त्यातली एखादी ओळ वाचते.

खरं सांगू का, वाचून जरा जळायलाच होतं. अख्ख्या स्कॉटलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच ६१ लाख होती. आणि तेवढ्याशा लोकांत टेलिफोनवाला बेल (जन्म एडिनबराचा, नंतर कॅनडा-अमेरिका), टीव्हीवाला बेअर्ड, पेनिसिलिनवाला फ्लेमिंग, क्लोरोफॉर्म देऊन बाळंतपणाच्या वेदना कमी करणारा सिम्प्सन, आणि डनलॉप, जो मुळात जनावरांचा डॉक्टर होता आणि पोराची तीनचाकी सायकल कमी आदळावी म्हणून त्याने हवा भरलेला टायर बनवला. जेम्स वॉट तर असणारच. त्याने वाफेचं इंजिन शोधलं असं आपण शाळेत घोकलं पण इंजिन आधीपासून होतं, त्याने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं (पेटंट १७६९ चं), त्यामुळे दर फेरीला अख्खा सिलिंडर गार करून परत तापवायची भानगड संपली आणि कोळसा कितीतरी कमी लागायला लागला.

माझा आवडता मात्र रस्तेवाला मॅकॅडम. माझे काका पीडब्ल्यूडीत होते, घरी कायम "डब्ल्यूबीएम झालं, आता डांबर बाकी" असलं बोलणं चालायचं. डब्ल्यूबीएम म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, पाणी मारून दाबलेली खडी, आणि त्यातला एम म्हणजे हा मॅकॅडम, हे मला चाळिशीनंतर कळलं, काकांना बहुतेक रिटायर झाल्यावरही कळलं नसेल. त्याचं म्हणणं अगदी साधं, लहान लहान फोडलेली खडी थरावर थर नीट दाबून बसवा, रस्ता मध्ये जरा उंच ठेवा आणि पाणी आत मुरू देऊ नका, बाकी फार काही लागत नाही. दोनशे वर्षं झाली हे सांगून. जुलैत आमच्या गल्लीतून स्कूटी घालताना मला या माणसाची फार आठवण येते, एवढंच बोलते.

मग मी भाच्याला फोनवर म्हटलं, तुझ्या फडक्यावर आमच्याकडचं काहीच नाही रे. कारण आपली कॉलेजं बघा ना. एल्फिन्स्टन, विल्सन, ग्रँट मेडिकल, पुण्याचं फर्ग्युसन, ही चारही नावं स्कॉटिश! एल्फिन्स्टन डम्बार्टनचा, जॉन विल्सन लॉडर गावचा मिशनरी, फर्ग्युसन एडिनबऱ्याचा, आणि ग्रँट जन्मला हिंदुस्थानात पण घराणं तिकडचंच. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ पण स्कॉटिश, बॅन्फचा. काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष झालेले वेडरबर्न, तेही एडिनबऱ्यात जन्मलेले. आता यातल्या एल्फिन्स्टनने पेशवाई बुडवायला काय केलं ते आपल्याला माहितीये, त्यामुळे लगेच हार घेऊन धावायची गरज नाही. अफूच्या धंद्यातून गब्बर झालेली जार्डीन मॅथेसन कंपनी स्कॉटिश, जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गुलाम राबवणाऱ्यांत स्कॉटिश मालक भरपूर. हे फडक्यावर नाहीये. फडक्यावर कोण छापेल म्हणा.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. यादीत खालून तिसरं नाव लिव्हिंगस्टन. डेव्हिड लिव्हिंगस्टन, ब्लँटायर गावचा, दहाव्या वर्षी सूतगिरणीत कामाला लागला, काम करता करता शिकून डॉक्टर आणि मिशनरी झाला, आफ्रिका पायी तुडवली, व्हिक्टोरिया धबधब्याला ते नाव यानेच दिलं आणि तिथल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जन्मभर लिहीत-बोलत राहिला. एवढं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की या माणसाच्या गोष्टीचा शेवट शरणपूर रोडला येऊन मिळतो. आपला नाशिकचा शरणपूर रोड! जिथे थंडीत तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर घ्यायला जातो, महापालिकेत कामं असतात आणि कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला अर्धं आयुष्य जातं तो.

झालं असं की तेव्हा पूर्व आफ्रिकेतून गुलाम भरून नेणारी गलबतं इंग्रजांची जहाजं समुद्रात अडवायची, आणि सुटलेल्या माणसांतली बरीच लहान पोरं मुंबईत आणून सोडायची. आता या पोरांचं करायचं काय? आईबाप कुठे ते माहीत नाही, गाव माहीत असलं तरी परत जायला वाट नाही. त्यातली कितीतरी पोरं नाशिकला पाठवली गेली, चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला वस्ती वसवली होती तिथल्या आश्रमात. लिहायवाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा होऊन जेकब, मॅथ्यू, सायमन अशी नावं मिळाली. आफ्रिकेत जन्मलेली, नाशकात वाढलेली पोरं. म्हणजे ती गोदावरीवर गेली असतील, इथला पाऊस, इथली थंडी खाल्ली असेल, बाजारात मराठीत भाव केला असेल असं मला आपलं वाटत राहतं.

१८६६ च्या जानेवारीत लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर या शाळेतली नऊ पोरं होती. त्याच्या डायरीत त्यांचं नावच 'नासिक बॉईज' आहे. काही टिकली, काही नाही. लिव्हिंगस्टन त्यांच्यावर करवादलेलाही आहे भरपूर, पण तो साधारण सगळ्यांवरच करवादायचा. नंतर १८७२ मध्ये स्टॅन्लीने (लिव्हिंगस्टनला शोधून काढणारा तो पत्रकार) झांझिबारहून माणसांची नवी तुकडी पाठवली त्यात आणखी सहा नाशिकवाले होते, त्यातला एक जेकब वेनराइट.

१ मे १८७३. आजच्या झाम्बियातल्या चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. (१ मे! आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र दिन वगैरे काही नव्हता, पण मला उगाच ते खटकलं.) आता पुढचं नीट वाचा. सोबतच्या माणसांना सहज करता आलं असतं की खड्डा खणला, पुरलं, आणि आपापल्या वाटेला लागलो. कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी काय केलं, काळीज आणि आतडी काढून तिथेच झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली, कारण लिहिता येणारा तो होता. मग देह मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, लांब काठीला बांधला आणि खांद्यावर घेऊन निघाले समुद्राकडे. सोळाशे किलोमीटरच्या वर. नऊ महिने.

वाटेत मढं घेऊन कोण गावातून जाऊ देईल? एके ठिकाणी अडवलं तर यांनी खोटंच एक गाठोडं परत पाठवून दिलं आणि खऱ्या देहाचं कापडाच्या गठ्ठ्यासारखं दिसणारं गाठोडं बांधून पुढे नेलं. वाटेत कॅमेरॉन नावाचा एक इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथेच पुरून टाका. हे नाही म्हणाले. नाशिकची तरुण पोरं आणि सुसी, चुमासारखे जुने साथीदार, सगळे मिळून गोऱ्या साहेबाला नाही म्हणाले. मला त्या सगळ्या प्रवासात हीच जागा सगळ्यात जास्त आवडते.

फेब्रुवारी १८७४ मध्ये देह किनाऱ्यावर बागामोयोला पोचला. लंडनला ओळख पटली ती डाव्या दंडाच्या हाडावरून, १८४४ मध्ये सिंहाने चावा घेतला होता ते हाड नीट जुळलं नव्हतं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन, आणि शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत आपला जेकब वेनराइट. तिथल्या दगडावर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथवर आणलं. हातांची नावं नाहीत. सुसी आणि चुमा, जे सगळ्यात जास्त वर्षं बरोबर होते, ते तर अंत्ययात्रेला पोचलेच नाहीत, त्यांना नंतर बोलावलं.

नंतर १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळ फ्रीअर टाऊन म्हणून सुटलेल्या गुलामांची वस्ती झाली, तिथे नाशिकची बरीच माणसं गेली, तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणायचे. त्या सहातला मॅथ्यू वेलिंग्टन मोम्बासात १९३५ पर्यंत होता. १९३५ म्हणजे काय लांब नाही हो, माझे आजोबा तेव्हा शाळेत जात होते.

आईला हे सगळं सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पण त्या पोरांचे आईबाप?" ते मला तरी कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

मागच्या रविवारी स्वेटर बदलून घ्यायला गेले तेव्हा शरणपूर रोडला मुद्दाम इकडेतिकडे बघत चालले, एखादी पाटी असेल तर. मला तरी दिसली नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा. भाच्याला म्हटलंय की ब्लँटायर तुझ्यापासून जवळ आहे, लिव्हिंगस्टनच्या घराचं म्युझियम केलंय तिथे, जाऊन जेकबचं नाव कुठे दिसतंय का बघ आणि फोटो पाठव. तर तीन आठवडे झाले, रोज एकच उत्तर, "मावशी, इकडे पाऊस आहे गं." म्हटलं रेनकोट घाल की, तोही तुमच्याच फडक्यावर आहे, मॅकिंटॉश, वरून पाचवी ओळ.