एक इंचाचा दगड आणि खान्देशातली भिंत

धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. जमिनीच्या भेगांमध्ये लाव्हा थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि हे डाइक उभे राहिले. लळिंगचा किल्ला, बलसाण्याची मंदिरं, चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं मंदिर ही सगळी याच काळ्या दगडाच्या मुलखातली. त्यामुळे घर बांधताना 'दर्शनी भिंतीला दगड हवा' असं इथल्या माणसाला वाटणं अगदी साहजिक आहे.

पण आता अठरा इंची दगडी भिंत कोणी बांधत नाही. आरसीसीचा सांगाडा, विटांची किंवा ब्लॉकची भिंत, आणि तिच्यावर २० ते ३० मिलिमीटर जाडीचा खरा दगड चिकटवायचा, असं काम चालतं. बाजारात याला स्टोन क्लॅडिंग किंवा स्टोन व्हिनियर म्हणतात. एक खबरदारी इथेच सांगतो. रेझिनच्या पाठीवर एक-दोन मिलिमीटर दगडाचा पापुद्रा लावलेली, वाकणारी शीटही 'स्टोन व्हिनियर' याच नावाने विकली जाते. ती वेगळी वस्तू आहे आणि आमच्या मते घराच्या आतच ठीक आहे. या लेखातला दगड म्हणजे करवतीने कापलेला किंवा फोडलेला, साधारण एक इंची अस्सल दगड.

या दगडाचा मोठा फायदा आहे वजनात. काळा बेसॉल्ट घनमीटरला साधारण २,८५० किलो भरतो. २५ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७१ किलो होतात, म्हणजे चौरस फुटाला साडेसहा किलोच्या आसपास. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीवर ६६० किलो दगड चढतो. तीच भिंत चार इंची दगडाने मढवली तर २,६०० किलोंच्या वर जाते. मग तो भार घ्यायला पायाला कडेने पट्टी वाढवावी लागते किंवा बीममधून आधार काढावा लागतो. तापीकाठच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, पायावर नंतर भार वाढवणं म्हणजे तडे ओढवून घेणं. पातळ दगड जुन्या, उभ्या भिंतीवरही चढतो, पायाला हात लावावा लागत नाही. वाहतुकीचंही तेच गणित: एक टन पातळ दगडात दीडशे चौरस फूट भिंत होते, चार इंची दगडात जेमतेम अडतीस.

दुसरा फायदा रंगाचा. सिमेंटचा साचेबंद 'दगड' वरच्या थरात रंगवलेला असतो. कोपरा उडाला की आतला राखाडी सिमेंट दिसतो. खऱ्या दगडाचा रंग आरपार असतो, टवका उडाला तरी भिंत विद्रूप होत नाही. ओट्याच्या भिंतीला खाटा, सायकली, पाण्याचे ड्रम रोज घासतात, तिथे हे महत्त्वाचं. दर चार-पाच वर्षांनी रंग द्यायचा खर्चही त्या भागापुरता संपतो.

आता जो फायदा दुकानदार सर्वांत आधी सांगतो, तो या यादीत नाही: 'दगड लावला की घर थंड राहतं.' एक इंची दगडाने घर थंड राहत नाही. जुनी धाब्याची घरं जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांतही थंड लागायची, कारण त्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड मातीच्या होत्या आणि दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. ती करामत जाडीची होती. एक इंची बेसॉल्टचा उष्णतेला होणारा विरोध नऊ इंची विटेच्या भिंतीच्या विसाव्या भागाइतका. उलट काळा दगड ऊन शोषतो. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात दुपारी त्याला हात लावून ठेवता येत नाही आणि ती धग रात्रीपर्यंत टिकते. म्हणून पश्चिमेला काळा दगड लावू नका. लावायचाच तर फिक्या रंगाचा, पिवळा किंवा पांढरट सँडस्टोन घ्या. नाहीतर भिंतीपासून चाळीस मिलिमीटर अंतर सोडून स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर दगड टांगा, खाली-वर हवेला वाट ठेवा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. आणि बजेट थोडं असेल तर थंडाव्याचे पैसे आधी स्लॅबवर खर्च करा, कारण एकमजली घरात उन्हाची सर्वांत मोठी वाट तीच.

दगड निवडताना तो ठोकून पाहा. चांगला बेसॉल्ट खणखणीत वाजतो. छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड दिसायला नक्षीदार असतो, पण ती छिद्रं मऊ खनिजांनी भरलेली असतात आणि बाहेरच्या भिंतीवर ती झडतात. कोटा, शहाबाद आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, त्यांना ॲसिड चालत नाही. ओळखायचं सोपं: पाठीवर पातळ ॲसिडचा थेंब टाका, फसफसलं तर चुनखडी. नमुन्याचे दोन-तीन तुकडे आठवडाभर पाण्यात ठेवून वाळवा. तांबूस डाग उमटले तर दगडात लोह आहे आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत भिंतीवर गंजाचे ओघळ येतील. हिरवट किंवा पिवळसर स्लेट, क्वार्टझाइट घेताना ही चाचणी चुकवू नका. जाडी प्रत्येक पेटीत मोजा. २० मिलिमीटर सांगून १५ ते ३५ पर्यंतचा माल येतो आणि मग गवंडी बिचारा ॲडेसिव्हच्या थराने उंचसखल भरून काढतो.

चिकटवण्याच्या दगडाला वजनाची मर्यादा असते. अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरात असलेली मर्यादा चौरस फुटाला १५ पौंड, म्हणजे चौरस मीटरला ७३ किलो आहे. २५ मिलिमीटरचा बेसॉल्ट बरोबर या उंबरठ्यावर बसतो. त्याहून जाड दगड नुसत्या ॲडेसिव्हवर सोडू नका, त्याला पिन किंवा क्लॅम्प लागतोच. आणि जाडी कितीही असो, पहिल्या मजल्याच्या वर गेलात की प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलची पिन द्या. खाली माणसं बसतात.

मागची भिंत कशी आहे यावर सगळं काम उभं असतं. पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची जुनी भिंत असेल तर तिच्यावर दगड चिकटवूच नका. ॲडेसिव्ह दगडाला घट्ट धरतं, पण माती स्वतःच सुटते आणि पापुद्र्यासकट सगळं खाली येतं. तिच्यापुढे स्वतंत्र पायावर चार इंची विटेची भिंत घ्या, मग दगड. पक्क्या विटेच्या भिंतीला एकास चार सिमेंट-वाळूचा खडबडीत गिलावा हवा, घोटलेला नको. त्यावर पुट्टी, डिस्टेंपर, चुना, रंग यातलं काही असेल तर घासून नाही, खरवडून काढा. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारा आणि पुढे दोन-तीन आठवडे तसाच वाळू द्या. नंतर थापीच्या मुठीने सगळी भिंत वाजवा, बद्द वाजेल तेवढा गिलावा फोडून नवा करा. आरसीसी कॉलम-बीमवर टाचे मारा, म्हणजे छिन्नीने खाचा पाडा. कॉलम आणि विटा जिथे भेटतात तिथे गिलावा करतानाच दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी जाळी ठोका, नाहीतर तिथला तडा सहा महिन्यांत दगडातून वर येतो.

साधारण ओट्याची भिंत धरा: २० फूट लांब, ९ फूट उंच, १८० चौरस फूट. साडेतीन बाय सातचा दरवाजा आणि चार बाय चारची खिडकी वजा केली की १३९.५ उरतात. चौकोनी कापलेल्या दगडाला १० टक्के, वेड्यावाकड्या फोडीव दगडाला १५ टक्के तूट धरा, म्हणजे १५४ ते १६० चौरस फूट दगड मागवा, आणि एकाच खाणीचा, एकाच खेपेचा मागवा. ॲडेसिव्हचा थर सहा मिलिमीटर धरला तर २० किलोची गोणी २० ते २४ चौरस फूट जाते, म्हणून सात गोण्या. ॲडेसिव्ह घेताना गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याखाली प्रकार पाहा. या मानकात पाच प्रकार आहेत, बाहेरच्या भिंतीवर नैसर्गिक दगडाला टाइप ३ किंवा त्यावरचा घ्या. टाइप १ स्वस्त पडतं, पण ते घरातल्या साध्या टाइलसाठी आहे. कोपऱ्यांचा हिशेब वेगळा रनिंग फुटात करा.

कोपऱ्यावरच भिंत खरी वाटते किंवा खोटी पडते. इंग्रजी एल आकारात कापलेले कोपऱ्याचे दगड मिळाले तर तेच घ्या आणि एका थराला लांब बाजू डावीकडे, पुढच्या थराला उजवीकडे ठेवा. मग भिंत अखंड दगडाची दिसते. ते न मिळाले तर ४५ अंशांत काट घ्यावा लागतो. तो काट चाकूच्या धारेसारखा करू नका, टोकाला दोन-तीन मिलिमीटर सपाट सोडा, नाहीतर पहिल्या धक्क्याला टवका उडतो.

काम थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, आणि वर रोपवाटिकेची हिरवी जाळी बांधा. ॲडेसिव्ह भिंतीवर पसरल्यावर एरवी वीसेक मिनिटं ओलं राहतं, मे महिन्याच्या उन्हात पाचदहा मिनिटांत वर साय धरते. बोट लावून पाहा: बोटाला लागलं नाही तर ते खरवडून टाका, वर पाणी शिंपडून चालवून घेऊ नका.

दगड पडण्यामागचं आम्हाला दिसलेलं सर्वांत मोठं कारण सिमेंट नाही, ॲडेसिव्ह नाही. दगडाच्या पाठीवरची पूड. कटरची बारीक भुकटी पाठीला चिकटलेली असते आणि ॲडेसिव्ह त्या भुकटीला चिकटतं. प्रत्येक दगड आदल्या दिवशी ब्रशने पाण्यात घासून सावलीत वाळवा. भिंत हलकी ओली करा, वरचं पाणी सुकू द्या. ॲडेसिव्ह गोणीवर लिहिलेल्या पाण्यातच कालवा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा घोटा. मग दातेरी थापीने भिंतीवर एक थर आणि दगडाच्या पाठीवर एक थर. दगड दाबताना इकडेतिकडे किंचित हलवा म्हणजे हवा निघते. ॲडेसिव्हचे नुसते चार गोळे लावून दगड बसवण्याची सवय अनेकांना आहे. ती मोडून काढा. मधल्या पोकळीत पावसाचं पाणी साचतं. दर दहा-पंधरा दगडांमागे एक उचकटून पाठ बघा, बाहेरच्या भिंतीवर ९५ टक्के पाठ भरलेली दिसली पाहिजे. ओळंबा आणि पाणसळ दर थराला लावा. दिवसात चार फुटांहून वर चढू नका.

दगड उन्हात वाढतो हे विसरलं जातं. हिवाळ्याची पहाट आणि मेची दुपार यांत दगडाच्या अंगात ५० अंशांचा फरक सहज पडतो, आणि पंधरा फूट बेसॉल्ट तेवढ्यात दीड मिलिमीटरच्या आसपास लांबतो. त्याला जागा नसेल तर मधले दगड फुगून सुटतात. म्हणून दर दहा ते पंधरा फुटांवर आणि स्लॅबच्या पातळीला आठ-दहा मिलिमीटरची फट सोडून तिच्यात फोमची दोरी व वर पॉलियुरेथेन सीलंट भरा. तिथे सिमेंट भरलं तर फट ठेवून उपयोग नाही.

पाणी वरून शिरतं. भिंतीचा माथा उघडा राहिला तर एका पावसाळ्यात मागे लोणा धरतो आणि पांढरे ओघळ बाहेर येतात. माथ्यावर दीड इंच पुढे आलेली फरशी बसवा, तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच पाडा. खिडकीच्या खालच्या फरशीलाही तीच खाच. पायथ्याशी दगड मातीला टेकवू नका: मातीपासून चार इंच, फरशीपासून दोन इंच वर थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं, ते वाळलं की क्षार मागे राहतात, तेव्हा कालवायला आणि धुवायला शक्यतो गोडं पाणी वापरा.

ॲडेसिव्ह दगडाच्या तोंडावर सांडलं तर ओलं असताना पुसू नका. काळ्या दगडावर त्याचा राखाडी पट्टा कायमचा बसतो. अर्धवट वाळून भुगा होईपर्यंत थांबा, मग कोरड्या ब्रशने झाडा. काम संपल्यावर 'ॲसिड मारून देतो' असं गवंडी म्हणेल, त्याला चुनखडीच्या दगडावर तर सक्त नाही म्हणा. चमकणारं लॅकर मारू नका, ते उन्हात पिवळं पडतं आणि आतली ओल कोंडून ठेवतं. सँडस्टोनला सिलेन-सिलॉक्झेनचं मुरणारं सीलर द्या. घट्ट बेसॉल्टला त्याचीही गरज नसते.

कापणाऱ्या माणसाची काळजी मालकाने घ्यायची आहे. सँडस्टोन आणि क्वार्टझाइटच्या धुळीत सिलिका भरपूर असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते, सिलिकोसिस बरा होत नाही. कटरवर पाण्याची धार सोडायला लावा, एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या, आणि तोंडाला रुमाल बांधलाय म्हणून समाधान मानू नका.

उरलेल्या दगडातले दहा-बारा चौरस फूट जिन्याखाली ठेवून द्या. पाच वर्षांनी नळासाठी भिंत फोडावी लागली तर त्या खेपेचा रंग दुकानात मिळणार नाही.