तुम्ही विचारलंत म्हणून: शिकवता शिकवता स्वतःचं काम कधी करता?

हे विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच कला शिक्षक असतात आणि त्यांना वेळेचं गणित हवं असतं, पहाटे उठता का, सुट्टीत करता का वगैरे. वेळ कमी पडतोच, तास आहेत, वह्या आहेत, वर कुठलाही कार्यक्रम आला की डेकोरेशन "चित्रकलेच्या बाईंना सांगा". पण समजा वेळ मिळाला, मग काय होतं याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

होतं असं की हात अजून वर्गातच असतो. वर्गात सफरचंद दाखवायचं तर उजेड डावीकडून वरून, हायलाइटला, म्हणजे सगळ्यात उजळ जागी, कागद कोरा सोडायचा, सावलीच्या कडेला थोडा परावर्तित उजेड, खाली पडछाया, झालं, मागच्या बाकापर्यंत "वॉव". तो हात पक्का असावाच लागतो हो, पोरांसमोर चाचपडत बसलात तर वर्ग गेला हातातून. रात्री स्वतःच्या कागदासमोर बसलं की तोच हात तेच सफाईदार उत्तर काढून देतो. चित्र बरोबर असतं, पण डेमो दिसतं.

म्हणून जे माध्यम शिकवते ते मी स्वतःच्या कामात घेतच नाही. सध्या वॉटरकलरच्या तासाला बाकांवर अंथरलेले पेपर गोळा करते. त्यावर ब्रश पुसल्याचे फटकारे असतात, पाण्याच्या भांड्यांचे गोल असतात, मधेच अर्धा मथळा. वाळले की पट्ट्या कापून शिवते. नुसता पेपर शिवला तर टाक्यांच्या भोकांच्या रेषेत फाटतो, त्यामुळे मागे मलमलचं अस्तर. पुढे तो पिवळा पडणार, न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन हा लाकडातला घटक असतो, ते पिवळं पडणं मी कामातच धरलंय. इथे मला काहीच पाठ नाही, आणि म्हणून बरं चाललंय.

याचा अर्थ वर्ग आणि काम वेगळं ठेवा असा नाही, उलटंच. चित्रकार जोसेफ आल्बर्स १९५० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवायला आले आणि त्याच वर्षी त्यांनी चौकोनात चौकोन असलेल्या चित्रांची मालिका सुरू केली, १९७६ ला जाईपर्यंत तेच करत राहिले. विद्यार्थ्यांना रंगीत कागद द्यायचे, स्वतः बहुतेक रंग ट्यूबमधून काढून न मिसळता पॅलेट नाइफने लावायचे आणि बोर्डाच्या मागे कुठला रंग, कुठल्या कंपनीचा ते लिहून ठेवायचे. शेजार बदलला की तोच रंग वेगळा का दिसतो, हा प्रश्न वर्गात तोच आणि स्टुडिओतही तोच.

"रिटायर झाल्यावर करू" म्हणणारे अमेरिकन चित्रकार अल्मा थॉमसचं नाव घेतात. वॉशिंग्टनमधल्या एका ज्युनिअर हायस्कूलमध्ये तिने ३५ वर्षं शिकवलं, १९६० ला निवृत्त झाली, १९७२ ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये एकल प्रदर्शन, वय ८०. छानच, पण १९५०च्या दशकात नोकरी चालू असतानाच ती युनिव्हर्सिटीत पेंटिंग शिकत होती, हे सांगायचं सोयीस्कर विसरतात.

राहिला पोरांचा प्रश्न, कारण माझ्या पेपरांवरचे फटकारे त्यांचेच आहेत. टिम रॉलिन्स या कला शिक्षकाने १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुस्तकांच्या पानांवर चित्रं केली, ती 'टिम रॉलिन्स अँड के.ओ.एस.' या नावाने, के.ओ.एस. म्हणजे 'किड्स ऑफ सर्व्हायव्हल', म्हणजे पोरांचा ग्रुप नावातच. कोणाचा वाटा किती यावर वाद घालता येईल, पण निदान लपवलेलं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच "प्रोजेक्टां"त मुलांचं काम कच्चा माल म्हणून वापरतात आणि खाली फक्त सरांची सही, हे मला अजिबात पटत नाही. मी आधी विचारते, नको म्हणणाऱ्याचा पेपर त्याला परत देते, लेबलवर वर्गाचं नाव माझ्या नावाशेजारी आणि त्याच साइजमध्ये. आणि काम विकलं गेलं तर पैशाचं काय, हे शाळेशी आणि पालकांशी प्रदर्शनाआधी बोलून घ्या, नंतर तो विषय काढणं फार अवघड जातं.